एकही बाटली न आलेलं गाव

सत्यशीला भानारकर बाजारात मासा घ्यायची तेव्हा आधी त्याचा कल्ला उघडून बघायची आणि मग विकणारीचं तोंड. ती आरमोरीकडची, ढिवराच्या घरची. तिचे वडील बापूजी जन्मभर तलावात जाळं टाकत आले होते, त्यामुळे मासा तिला कळायचाच. पण तिचा संशय माशापुरता नव्हता. एखाद्यानं ‘आत्ताच आलो’ म्हटलं तर ती त्याच्या चपलांची धूळ बघायची.

लग्नाचं तिचं एकदाच जमत आलं होतं. मुलगा वडशाकडचा, लाकडाच्या एका डेपोत कायम कारकून आहे असं सांगितलं होतं. सुपारी फुटायच्या आधी सत्यशीला बापूजींना घेऊन स्वतः डेपोत गेली. मुलगा तिथं तीन महिन्यांपासून रोजीवर बांबूच्या मोळ्या ट्रकवर चढवत होता. तिनं तिथंच त्याला सांगितलं, “मोळ्या उचलता याचं मले काही वाटत नाई. पण खोटं कायले बोलले?” लग्न मोडलं. गावानं तिला शक्की म्हणून टाकलं, आणि पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. तिनं रसायनशास्त्रात बी.एस्सी. केली आणि चंद्रपुरात एका संस्थेच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली.

मी रंभा. त्याच प्रयोगशाळेत संगणकावर आकडे भरायचं काम करत होते. सत्यशीलाबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं बसूनही मी जेवणाचा डबा कुठून आणते यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला नव्हता.

आमचं काम सोपं होतं. जिल्ह्याच्या काही भागांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणापासून ते पाणी पिलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, पुढे गुडघे आखडतात, पाठ वाकते. गावोगावचे नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून यायचे. सत्यशीलाबाई त्यांत लाल रसायन टाकायच्या. फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग उडायचा. यंत्र तो रंग मोजून आकडा द्यायचं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्याजोगं नाही.

बाटल्या आणायचे सोमाजीभाऊ. पन्नाशीचा माणूस, मोटारसायकलला दोन्हीकडे खोकी बांधून जिवतीचे डोंगर पालथे घालायचा. सत्यशीलाबाई त्यांनाही सोडायच्या नाहीत. फार पूर्वी दुसऱ्या एका माणसानं एकाच पंपावर वीस बाटल्या भरून वीस गावांची नावं चिकटवली होती आणि ते बाईंनीच पकडलं होतं. तेव्हापासून प्रत्येक खोकं उघडताना त्या विचारायच्या, “भाऊ, हा पंप शाळेजवळचा का मारुतीजवळचा? वरचा दांडा कसा आहे?” सोमाजीभाऊ उत्तर द्यायचे, पण त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर संस्थेनं नागपूरहून सुनिल नावाचा एक इंजिनियर आणला. तोपर्यंत गावाचा निकाल बाई वहीत बोट फिरवून लावायच्या. गावातले सगळे पंप दीडच्या आत असतील तर ‘सर्व स्रोत योग्य’, नाहीतर ‘अयोग्य’. सुनिलनं पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत हे काम बसवलं. मी प्रत्येक गावाच्या नावाची एक फाईल करायची, त्यात आकडे टाकायचे. बाकीचं तो प्रोग्राम करणार होता.

बाईंनी पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसकण मारली.

“हे कसं ठरवून राह्यलं?”

सुनिलनं पडद्यावरची एक ओळ दाखवली. “मॅडम, हा ‘ऑल’ नावाचा तयार शब्द आहे. ऑल म्हणजे सगळे. आपण त्याला यादी द्यायची आणि अट द्यायची. तो यादीतला एकेक आकडा उचलतो, दीडच्या आत आहे का बघतो. पहिला चुकार आकडा सापडला की तिथंच थांबून ‘नाही’ म्हणतो. शेवटपर्यंत एकही चुकार नाही सापडला की ‘हो’ म्हणतो.”

“आन् एकच खराब पंप शोधायचा असला तं?”

“त्याच्यासाठी ‘एनी’ आहे. एक जरी सापडला तरी ‘हो’.”

बाईंनी दोन्ही शब्द वहीत मराठीत उतरवून घेतले. दोन महिने त्या प्रत्येक गावाचा निकाल हातानं लावून पडद्याशी ताडून बघत होत्या. एकदाही फरक पडला नाही. त्यांनी मान्य केलं असं मी म्हणणार नाही, पण ताडून बघणं बंद केलं.

मार्चमध्ये सुनिलनं मला सांगितलं, “जिवतीकडच्या सगळ्या गावांच्या फायली आधीच करून ठेव, आकडे आले की भरत जा.” मी एका दुपारी शंभरावर फायली केल्या. नाव घातलेल्या आणि आत कोऱ्या.

त्याच सुमारास सोमाजीभाऊ एकदा हात हलवत परत आले. मला म्हणाले, “रंभा, चिंचगुड्यात देवकार्य आहे. पाच दिवस बाहेरच्याले आत सोडून नाई राह्यले. मी मंग जाईन. बाईले सांगून ठेव.” मी मान डोलावली. त्यानंतर त्यांना टायफॉइड झाला, ते तीन आठवडे घरी पडले, आणि मी बाईंना सांगायचं विसरले.

एप्रिलच्या सुरुवातीला यादी छापून तालुक्याला गेली. तिथून रंगाचा डबा घेतलेली माणसं निघाली. योग्य गावांच्या पंपांना हिरवा पट्टा, अयोग्य गावांच्या पंपांना लाल.

महिना संपता संपता बाई वार्षिक अहवालासाठी तीच यादी वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या. बोट एका ओळीवर ठेवून त्यांनी मला हाक मारली.

“रंभा, चिंचगुड्याच्या चारी बाजूच्या गुड्यांत पाणी खराब. तीनच्या वर आकडे. आन् मधातल्या चिंचगुड्यात सगळं चोख?”

“असेल बाई. एखादी जागा चांगली असते.”

“असते. पण मले त्या गावची एक बाटली आठवत नाई.”

त्यांनी बाटल्यांचं रजिस्टर काढलं. मागे पुढे दोनदा चाळलं. चिंचगुड्याची नोंदच नव्हती. मी बघत होते, त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. बाटली नाही आणि निकाल आहे. म्हणजे कोणीतरी आकडे मनानं भरले. त्या भागात जाणारा माणूस एकच होता.

सोमाजीभाऊ त्या दिवशी आजारातून उठून पहिल्यांदाच आले होते. गाल बसलेले होते. संस्थेचे साहेब, सुनिल, चपराशी, सगळे खोलीत होते.

“भाऊ, चिंचगुड्याच्या बाटल्या कुठी भरल्या?”

“कोणच्या बाटल्या? मी चिंचगुड्यात गेलोच नाई.”

“मंग हे आकडे कोणाले दिले? सुनिलले फोनवर सांगतले का? घरी पडल्या पडल्या?”

“बाई, तोंड सांभाळून बोला.”

“मी वीस बाटल्यावाला पाह्यला आहे, भाऊ. त्याचंही असंच तोंड होतं.”

सोमाजीभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले. मी त्याच खोलीत होते. एक वाक्य बोलले असते तर तो माणूस सुटला असता. पण बाईंची नजर मग माझ्यावर वळली असती. मी पडद्याकडे बघत बसले.

दुपारी बाईंनी सुनिलला घेरलं. त्याचाही त्यांना संशय होताच.

“मॅडम, मशीनला मी काही सांगितलं नाही. मशीन भरलेल्या आकड्यांवरच बोलतं.”

“मंग दाखव भरलेले आकडे.”

सुनिलनं चिंचगुड्याची फाईल उघडली. पांढरा पडदा. त्यानं खाली सरकवून बघितलं. खालीही काही नव्हतं.

सुनिल पुटपुटला, “आकडाच नाही...”

“आकडाच नाई, तं हे योग्य म्हणून कसं राह्यलं?”

बाईंनी त्याला बाजूला सरकायला लावलं, मला कळफलकावर बसवलं. “एक नवीन गाव कर. नाव टाक बापूजीचा तलाव. आत काही लिहू नको.” मी केलं. सुनिलनं प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं, ‘बापूजीचा तलाव : सर्व स्रोत योग्य.’

“आता अट उलटी कर,” बाई सुनिलला म्हणाल्या. “सगळे पंप दीडच्या वर आहेत का, असं विचार त्याले.”

सुनिलनं एक चिन्ह बदललं. मशीननं त्यालाही ‘हो’ म्हटलं.

“पाह्य,” बाई म्हणाल्या. “सगळे चांगले का? हो. सगळे खराब का? तेही हो.”

सुनिलचे कान लाल झाले होते. पण त्यानं लपवाछपवी केली नाही. “मॅडम, नियमच तसा आहे. तो अट मोडणारा आकडा शोधतो. यादी रिकामी असेल तर मोडणारा कोणी सापडत नाही, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. मला माहीत होतं हे. कॉलेजात शिकलो होतो. पण रिकामी यादी येईल असं वाटलं नाही.”

“जाळं टाकलंच नाई, आन् म्हणते एकही सडका मासा निघाला नाई,” बाई म्हणाल्या. मग पडद्याकडे बोट करून, “त्यानं खोटं नाई सांगतलं. आपण विचारलंच चुकीचं. आधी हे विचाराले पाह्यजे होतं, की यादीत काही आहे का.”

आता मला गप्प बसवेना. मी सांगितलं. सोमाजीभाऊंनी मला निरोप दिला होता, कोऱ्या फायली मी केल्या होत्या, आणि सकाळी मी तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “सकाळी काऊन नाई बोलली?”

सुनिलनं सगळ्या फायली तपासल्या. चिंचगुडा धरून सात गावांच्या फायली कोऱ्या होत्या. सातही गावं यादीत योग्य.

साहेबांचं म्हणणं पडलं की पुढच्या यादीत गुपचूप दुरुस्ती करू, आत्ता बोभाटा कशाला. बाई म्हणाल्या, “साहेब, हिरवा पट्टा लागला असन. लोकं पाणी पिऊन राह्यले असतीन.” साहेबांनी गाडी दिली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली, खेडोपाडी न्यायची तपासणीची पेटी उचलली आणि मला म्हणाल्या, “तू येशीन.” तो प्रश्न नव्हता.

आम्ही पहाटेच्या बसनं राजुरा, गडचांदूर करत जिवतीला पोचलो. स्टॅंडवर सोमाजीभाऊ उभे होते. त्यांना सुनिलनं फोन केला होता. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागले. तिथून दीड तास पायवाट. दोघंही माझ्याशीच बोलत होते.

चिंचगुडा म्हणजे पंचवीसेक घरं, बहुतेक गोंडांची. गावात शिरतानाच पंप दिसला. दांड्याखाली हातभर रुंद हिरवा पट्टा, रंग अजून चकचकीत. दोन बायका हंडे भरत होत्या.

त्यातली एक बुधरी. चाळिशीची, उंच, गावात तिचा शब्द चालायचा. बाईंनी तिला विचारलं, आधी पाणी कुठलं प्यायचे. ती म्हणाली, खालच्या झऱ्याचं. हा पंप फक्त भांडी-धुण्यासाठी होता, कारण म्हाताऱ्यांना त्याची चव आवडत नसे. पण वीस दिवसांपूर्वी सरकारी माणूस आला, हिरवा पट्टा लावून गेला, आता हेच येर प्या म्हणाला. येर म्हणजे गोंडीत पाणी. तेव्हापासून झऱ्यावर कोणी उतरत नव्हतं.

बाईंनी सांगितलं की तपासणी झालीच नव्हती, चूक झाली आहे, हे पाणी बहुतेक खराब असेल.

बुधरीनं हंडा खाली ठेवला. “एक माणूस आला, चांगलं म्हणला. तू आली, खराब म्हणून राह्यली. त्याच्यापाशी कागद होता. तुझ्यापाशी काय आहे?”

“मी तुमच्यासमोर तपासतो.”

“तुझ्या औषधानं तू पायजे तो रंग काढशीन.”

मी बाईंकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडे त्यांच्याच नजरेनं बघत होतं. त्यांना राग आला नाही. उलट त्या नीट ताठ उभ्या राहिल्या, जणू तोंडी परीक्षेला उभ्या आहेत.

“मंग तूच सांग, कसं करू.”

बुधरीनं विचार केला. पेटीतले पाच प्लास्टिकचे ग्लास मागून घेतले आणि आम्हाला तिघांना पाठ करून आंब्याखाली बसायला सांगितलं. बऱ्याच वेळानं ती पाच भरलेले ग्लास घेऊन आली. ओळीनं मांडले. कोणतं पाणी कशात हे तिलाच माहीत. एव्हाना अर्धा गाव जमला होता.

बाईंनी प्रत्येकात मोजून लाल थेंब टाकले. सगळे बघत राहिले. पहिल्या ग्लासाचा रंग फिकटला, पार पिवळट झाला. दुसरा लालच राहिला. तिसरा फिकटला. चौथा लाल. बाईंनी चार ग्लास बोटानं दाखवले, “हे दोन पंपाचे. हा आन् हा झऱ्याचा.” पाचव्यापाशी थांबल्या. त्याचा रंग ना इकडचा ना तिकडचा. त्यांनी तो उचलून उन्हात धरला, पुन्हा खाली ठेवला.

“हे पंपाचं नाई, झऱ्याचंही नाई. याच्यात काहीतरी घोळ आहे.”

बुधरीनं तोंडावर पदर घेतला. ती हसत होती. “अर्धं अर्धं टाकलं होतं,” ती म्हणाली.

मग ती उठली, घरातून विळा आणला आणि त्याच्या पाठीनं पंपावरचा हिरवा रंग खरवडायला लागली. खरवडता खरवडता म्हणाली, “पण बाई, उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा वाह्यते. हे खराब, थे थोडं. आता करू काय?”

याचं उत्तर बाईंच्या पेटीत नव्हतं. त्यांनी ते तसं सांगितलंही. एवढंच म्हणाल्या की प्यायला आणि सैपाकाला तरी झऱ्याचं घ्या, लहान पोरांना आधी, बाकी सगळं पंपाचं वापरा. आणि हे आपण लेखी वर कळवू, असंही म्हणाल्या. सोमाजीभाऊंनी दोन्ही पाण्याच्या बाटल्या भरल्या, स्वतःच्या हातानं नावं लिहिली. प्रयोगशाळेत पंपाचा आकडा चारच्या वर आला, झऱ्याचा अर्ध्याच्या जरा वर.

परतताना जिवतीच्या स्टॅंडवर बाई सोमाजीभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, माझं चुकलं.”

“चुकलं तं चुकलं,” ते म्हणाले. “पण चोर चार लोकांत म्हटलं होतं तुमी.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. साहेबांनाही. सोमाजीभाऊंनी बाटल्या भरल्या नव्हत्या, खोटे आकडेही दिले नव्हते, आपणच पुराव्याशिवाय आरोप केला, असं त्यांनी उभं राहून सांगितलं. सोमाजीभाऊंनी मान हलवली आणि चहा मागवला.

सात गावांबद्दलचं पत्र मीच टाईप केलं. ‘ही गावे तपासलेली नव्हती’ असं त्यात स्पष्ट होतं. साहेबांना ‘तपासणी अपूर्ण’ असं हवं होतं, पण बाई सही करेनात. शेवटी पत्र त्यांच्या शब्दांत गेलं. पुढे सोमाजीभाऊंनी सातही गावांचं पाणी आणलं. चार गावांत ते खरोखरच चांगलं निघालं. चिंचगुड्याशिवाय आणखी दोन गावांत खराब. सुनिलनं प्रोग्रामात एक ओळ वाढवली. यादी रिकामी असेल तर निकाल लागायचाच नाही, नुसतं ‘तपासले नाही’ असं यायचं. तो पुढे पुण्याला गेला. जाताना बाईंना म्हणाला की मी नोकरी कुठेही केली तरी पहिल्यांदा कोरी यादी देऊन बघीन.

चिंचगुड्यात पुढच्या वर्षी झऱ्याच्या वर एक दगडी टाकी बांधली गेली, पावसाळ्यापासून फाल्गुनापर्यंत तिच्यात पाणी असतं. वैशाखात बायकांना अजूनही खाली उतरावं लागतं. हे पूर्ण सुटलेलं नाही.

साहेबांनी बाईंना त्या वर्षी पगारवाढ दिली नाही. बाईंनी विचारलंही नाही. माझ्यावर मात्र त्यांनी वर्षभर नजर ठेवली. मी मोजलेल्या बाटल्या त्या पुन्हा मोजायच्या, मी दिलेला निरोप त्या देणाऱ्याला जाऊन विचारायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाटायला जागा नव्हती. पुढच्या हिवाळ्यात एका सोमवारी त्या मला म्हणाल्या, “सोमाजीभाऊसंगं जिवतीकडे जाशीन का? रजिस्टर तूच ठेव.” मी जाते म्हणाले. त्यांनी रजिस्टरच्या कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.